टॉवेलच्या गावात ग्रिपर

रील चाळीस सेकंदांची आहे. मार्केट यार्डात कांद्याची गाडी रिकामी होतेय. एक हमालकाका पाठीवरचं पोतं थप्पीवर टाकतात, कॅमेरा त्यांच्या हातावर जातो आणि स्लो मोशन सुरू होतं. कोपराखालचा हात असा भरलेला की शिरा सुतळीसारख्या वर आल्यात. मागे ढोल वाजतोय. स्क्रीनवर अक्षरं येतात, 'ना जिम, ना प्रोटीन, ह्याला म्हणतात नॅचरल फोरआर्म.' शेवटच्या पाच सेकंदांत रील बनवणारा पोरगा स्वतः समोर येतो आणि लिंक देतो. कशाची? ॲडजस्टेबल हँड ग्रिपरची. दहा ते साठ किलो, ऑफर आज रात्रीपर्यंत.

काकांनी आयुष्यात ग्रिपर बघितलेला नसणार. पण हात त्यांचा, धंदा ह्याचा.

मी ती रील अप्पांना दाखवली. अप्पा म्हणजे माझे वडील. अठ्ठावीस वर्षं त्यांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काढली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती दोनदा बघितली आणि विचारलं, "ह्या माणसाला रात्री झोप लागती का, ते इचारलं का कुणी?"

प्रश्न मला लगेच कळला, कारण आमच्या घरात रात्री दोन-अडीचला अप्पा उठून बसतात आणि उजवा हात झटकत राहतात. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. "हात झोपला," म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांचा हात असा झोपत असेल.

मी काही व्यायामाच्या विरोधात नाही. उलट आठवड्यातून तीन दिवस मी जिममध्ये असतो, आणि फोरआर्मचं वेड मला तुमच्यापेक्षा जास्तच आहे. इंजिनीअरिंगला असताना मित्र माझं मनगट धरून म्हणायचे, "बांगडी भर की बे." पूर्ण बाह्यांचे शर्ट मी चार वर्षं का घातले, ते आता सांगून टाकलं. त्यामुळे हा विषय मला हसण्यावारी नेता येत नाही. बायसेप शर्टाखाली झाकतो, छाती झाकते, पण कोपराखालचा हात सगळ्या जगाला दिसतो. पोरांना तो हवासा वाटणं साहजिक आहे. माझा राग त्यांच्यावर नाहीच. त्यांना दोन थापा एकाच वेळी विकल्या जातायत आणि दोन्ही थापा एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत, त्याचा राग आहे.

पहिली थाप ग्रिपरची. ती मी स्वतः विकत घेतलेली आहे, पैसे मोजून.

२०२० साली लॉकडाऊन लागला, हिंजवडीतली खोली सोडून मी सोलापुरात परत आलो आणि ग्रिपर मागवला. रोज सकाळच्या स्टँड-अप कॉलला कॅमेरा बंद करून एका हाताने तीनशे, मग दुसऱ्या हाताने तीनशे. आवाज कर्रक कर्रक. आई म्हणायची, घरात उंदीर झालाय. तीन महिन्यांनी टेप लावून बघितलं तर हात होता तेवढाच. वाढली होती फक्त कोपराच्या बाहेरच्या बाजूची एक कळ. भरलेला तांब्या उचलला की ती कळ खांद्यापर्यंत जायची. डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. मी जन्मात टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही. त्यांनी विचारलं, दिवसभर काय करतोस? म्हटलं, नऊ तास माउस आणि वर सहाशे वेळा हे. त्यांनी ग्रिपर हातात घेऊन बघितला, परत दिला आणि नुसती मान हलवली.

आता हे का झालं, ते जरा नीट बघू, कारण रीलमध्ये हे कुणी सांगत नाही. आपल्या बोटांमध्ये बोटं वाकवणारे स्नायूच नाहीत. बोटं वाकवण्याची मुख्य ताकद कोपराखालच्या हातात असते. तिथून लांब कंडरा निघतात, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जातात आणि बोटांना दोरीसारख्या ओढतात. कठपुतळीवाला वर आणि बाहुली खाली, तसंच. त्या बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते. बोगदा काही रुंद होत नाही. आत सूज आली की चेपते ती नस. अप्पांची बोटं झोपतात ती तिथेच.

दुसरी गोष्ट म्हणजे, मूठ आवळताना मनगट पुढे दुमडू नये म्हणून हाताच्या पाठीकडचे स्नायू ते मागून धरून ठेवतात. म्हणजे प्रत्येक वेळी मूठ मिटली की तेही राबतात. ग्रिपरवर मेहनत पुढच्या बाजूची दिसते आणि झीज मागच्या बाजूची होते, तीही माझ्यासारख्याची, ज्याचे मागचे स्नायू आधीच दिवसभर माउसवर बोट उचलून धरून वैतागलेले असतात. त्यात स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, पण कंडरा त्याच्यापेक्षा सावकाश तयार होते. रीलमधल्या 'तीस दिवसांत' ह्या शब्दांना कंडरेच्या हिशेबात काही अर्थ नाही.

आणि आकार? कोपराखालच्या हातात वीसेक स्नायू आहेत. ग्रिपर त्यातल्या एका गटाला, एकाच दिशेने, दोन-तीन इंचांच्या हालचालीत काम देतो. शर्टाची बाही दुमडल्यावर अंगठ्याच्या बाजूने जो उंचवटा दिसतो, ज्याच्यासाठी आपण सगळे मरतो, तो स्नायू बोटं मिटवतच नाही. तो कोपर वाकवतो. हातोडा धरल्यासारखा डंबेल धरून कर्ल मारा, किंवा तळवे खाली ठेवून रॉड उचला, तो लगेच जागा होतो. वर्षभर ग्रिपर दाबणाऱ्याला त्या स्नायूची भेटच होत नाही.

रिस्ट कर्लला मी नावं ठेवणार नाही. माझ्या जिममधला एक मित्र त्यावरच हात करून बसलाय आणि हा लेख लिहितोय म्हटल्यावर त्याने मला दम दिला आहे. त्याचं खरं आहे. भार हळूहळू वाढवला, पुढून आणि मागून दोन्हीकडून केलं, तर त्याने आकार येतो. काहींचा स्नायू मनगटाच्या जवळपर्यंत भरलेला असतो, काहींचा कोपराजवळच संपतो आणि पुढे नुसती कंडरा असते. ते जन्माचं आहे. मनगटाचं हाडही आता रुंद होणार नाही. एवढं मान्य करून पुढे गेलं तर बरीच शांती मिळते.

सोलापूरकर म्हणून मला खरी लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जाड दांडा धरला की पकड लवकर तयार होते, हे जुनं ज्ञान आहे. इंग्लंडच्या थॉमस इंच ह्या पहिलवानाचं डंबेल प्रसिद्ध आहे. वजन १७२ पौंड, म्हणजे ७८ किलो, पण त्याची गोम वजनात नाही. दांडा सहा सेंटिमीटर जाड आहे, बोटं भोवती पूर्ण वळत नाहीत, म्हणून भलेभले ते जमिनीवरून हलवू शकले नाहीत. हाच परिणाम मिळावा म्हणून आज आपली पोरं बारवर चढवायचे रबराचे जाड ग्रिप ऑनलाइन मागवतात. कुठे मागवतात? सोलापुरात. ज्या गावचा टॉवेल जगभर जातो, त्याला जीआय मिळालाय, जिथे प्रत्येक घरात सेकंडच्या मालाची चळत पडलेली असते, त्या गावात. अरे, दोन टॉवेल बारवर टाका आणि लटका! टॉवेल मुठीत चुरगळतो, घसरतो, हाताला पकडू देत नाही, प्रत्येक बोटाला आपापलं काम करावं लागतं. पहिल्या दिवशी मला पंधरा सेकंद जमलं नव्हतं. तीस सेकंद आरामात जमायला लागल्यावरच पुल-अपकडे जा. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. मधले दिवस हात मोकळा सोडा. खर्च शून्य, त्यामुळे ह्याची लिंक कुणी देणार नाही.

तसंच मुद्गलाचं. चार किलोचा मुद्गल मुठीच्या टोकाला धरून आडवा करा. वजन मनगटापासून लांब गेलं की मनगटावरचा पीळ किती वाढतो, हे अकरावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी सोडवलंय. मनगट वळवणं, थोपवणं, परत आणणं ह्यासाठी लाकडाचा हा तुकडा जे करतो, ते अख्ख्या मशीनला जमत नाही. इंग्रजांनी ते इथे बघितलं आणि 'इंडियन क्लब' म्हणून आपल्या सैन्याच्या कवायतीत नेलं. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर क्लब फिरवण्याची स्पर्धा होती. आता तेच इंग्रजी नावाने पाचपट भावात आपल्याकडे परत विकायला येतंय. मल्लखांब तर आपलाच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नव्याने उभा केला. दोरीच्या मल्लखांबावर चढणाऱ्या शाळकरी मुलीचा हात एकदा बघा, आणि मग मुलींना गुलाबी डंबेल देणाऱ्या ट्रेनरकडे बघा.

आणि गड्ड्याची यात्रा? संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ते पेलतात. घराच्या माळवदाच्या वर जाणारी ती काठी वाऱ्यात एका बाजूला कलायला लागते, तेव्हा माणसाचं मनगट, पंजा आणि कंबर तिला परत उभी करतात. त्याच्या आधी कित्येक दिवस सराव चालतो. आणि चालताना एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात काठी जाते. थकलेला माणूस बाजूला होतो, ताज्या दमाचा पुढे येतो. हे हात बदलणं लक्षात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचंय.

इथपर्यंत वाचून 'देशी तेच खरं' म्हणणारी मंडळी खूश झाली असतील. त्यांच्यासाठी दुसरी थाप राखून ठेवली आहे, आणि ती पहिलीपेक्षा वाईट आहे.

ती अशी, की कष्टकऱ्याचा हात हाच खरा हात, जिम म्हणजे श्रीमंतांचे चोचले. त्या रीलखाली शेकडो कमेंट ह्याच होत्या. 'हे खरे मर्द.' 'मेहनतीची बॉडी.' लिहिणारे बहुतेक माझ्यासारखे, एसीत बसलेले.

माझी आज्जी बिड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, तंबाखू, दोरा. मजुरी हजार बिड्यांमागे, आणि त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्या वजा. पान कापायचं, भरायचं, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. दिवसाला हजार बिड्या म्हणजे बोटांच्या किती हालचाली, मोजून बघा. नॅचरल फोरआर्मचं गणित खरं असतं, तर सोलापूरच्या पूर्वभागातल्या बायकांचे हात जगात सगळ्यात दणकट असायला हवे होते. आज्जीचा हात काडीसारखा होता. शेवटच्या वर्षांत तिची बोटं सकाळी उघडायची नाहीत, ती कपबशीतला चहा दोन्ही तळव्यांत धरून प्यायची. तिच्यावर रील कुणी केली नाही.

असं का झालं? स्नायू वाढायला त्याला दमवणारा भार लागतो, आणि दमल्यावर थांबायला मिळावं लागतं, पोटभर खायला लागतं, झोप लागते. भार हलका असला तरी चालतो, पण मग दमेपर्यंत जाऊन थांबावं लागतं. बिडीत भार नसतो, नुसती संख्या असते. स्नायूला वाढायचं कारण मिळत नाही आणि कंडरेला सुटका मिळत नाही. आता मागे जाऊन माझे ग्रिपरचे सहाशे बघा. कॉलवर बसल्या बसल्या, अर्धवट लक्ष देऊन, रोज, सुट्टी न घेता. मी पैसे देऊन घरी बिडीचाच धंदा आणला होता. दिवसाचे नऊ तास कीबोर्ड बडवतो तेही तेच आहे. फरक एवढाच की महिनाअखेर मला त्याचे पैसे बरे मिळतात आणि दुखलं तर इन्शुरन्स आहे.

हमालाचं वेगळं. तिथे भार खरा असतो, म्हणून हात खरंच भरतो. पण पोत्याचं वजन पन्नास किलोंच्या वर नसावं, ही साधी मागणी हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षं लावून धरावी लागली. शंभर-शंभर किलोंची पोती उचलत होती ती माणसं. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला, तोही आपोआप आला नाही. हमाल स्वतः भार कमी करा म्हणून भांडत होते आणि आपण त्या भाराला ढोल लावून इन्स्पिरेशन म्हणतोय. मी जिममध्ये ऐंशी किलो उचलतो तेव्हा ते कधी खाली ठेवायचं हे मी ठरवतो. मनगट कुरकुरलं तर आज राहू दे म्हणतो आणि घरी जातो. काकांनी तसं म्हटलं तर त्या दिवसाची हमाली गेली. ज्याचं हातावर पोट आहे त्याला रेस्ट डे नसतो. नंदीध्वजाला हात बदलायला माणूस मिळतो, बारा तासांच्या पाळीत अप्पांना कोण मिळणार होतं? कांड्या बदला, तुटलेला धागा गाठवा, हँडल मारा, पुढच्या मागाकडे जा. मजुरी मीटरवर.

हातात तेवढंच बळ दिसतं, म्हणून दोन्ही हात सारखे समजणं हा आळस आहे. आणि त्या दिसण्यावर ग्रिपर विकणं ही चोरी आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही.

ग्रिपरवाल्यांचं शेवटचं अस्त्र म्हणजे विज्ञान. 'पकड मजबूत तर आयुष्य लांब, लॅन्सेटमध्ये छापून आलंय.' छापून आलंय, खरंच. २०१५ साली. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताची पकड मोजली, पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पकड ५ किलोंनी कमी असेल तिथे मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. वरच्या रक्तदाबापेक्षाही पकडीवरून अंदाज चांगला बांधता आला. पण पकड इथे थर्मामीटर आहे. अख्ख्या शरीराची ताकद, खाणं, आजारपण, म्हातारपण ह्यांची खूण हातात दिसते. थर्मामीटर बर्फात बुडवला म्हणून ताप उतरत नाही. चालायचं, पाय मजबूत करायचे, नीट जेवायचं सोडून चिमटा दाबत बसणाऱ्याला हा अभ्यास काहीही देत नाही. आणि ज्याची पकड कामाने घडली, त्याच्याच नसा त्याच कामाने चेपल्या, त्याचं काय, हे त्या आकड्यात बघायला जाऊ नका.

तर मग काय करायचं, असं विचारणाऱ्यांसाठी. लटका. जड वस्तू दोन्ही हातांत धरून चाला. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा वीस लिटरचे दोन कॅन घेऊन जिना चढायची संधी घरातल्या बायकांकडून काढून घ्या, दोघांचंही भलं होईल. डेडलिफ्टला पट्टे बांधण्याआधी जेवढे सेट उघड्या हाताने होतात तेवढे करा. मागच्या बाजूसाठी तळवे खाली ठेवून हलका रॉड. कोपराच्या बाहेर कळ आली तर भार उतरवा, हट्ट करू नका. रात्री बोटं बधिर होत असतील तर तो व्यायामाचा विषय नाही, डॉक्टरकडे जा. अप्पा गेले नाहीत. बावीस-तेवीस वर्षं 'हात झोपला' म्हणत राहिले. गेल्या दिवाळीत मी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसवून त्यांना पुण्याला नेलं आणि तपासणी केली. आता मनगटाला पट्टा बांधून झोपतात. ऑपरेशनचं बोलणं चाललंय, ते पुढे ढकलतायत.

त्या रील बनवणाऱ्या मित्राला मी मेसेज केला होता. पुढच्या वेळी यार्डात जाशील तेव्हा काकांना पोत्याचं वजन विचार, दिवसाला किती पोती ते विचार, भाव विचार, कमरेचं आणि बोटांचं विचार, आणि तेही त्याच चाळीस सेकंदांत टाक. त्याने हात जोडल्याचा इमोजी पाठवला. रील अजून आहे. लिंकही आहे, ऑफर संपलेली नाही.

रविवारी मी अंगणातल्या पाइपावर टॉवेल टाकत होतो. अप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी टॉवेलची किनार दोन बोटांत धरून ओढून बघितली. "हा नको, हा फाटंल. पडशील," म्हणाले, आणि आत जाऊन डबल धाग्याचा शोधायला लागले.